हसणारा एकाक्ष : रेदोंच्या काळ्या छापचित्रावर लिहायला बसताना

"भयानक आहे, पण छान आहे." ओदिलों रेदों या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराचं एखादं काळं चित्र समोर आलं की पहिला उद्गार बहुधा असाच निघतो. तो खोटा नसतो. अडचण एवढीच, की तो कुठल्याही काळ्या चित्राला चालतो आणि त्यापुढे वहीत काही उतरत नाही. तुम्ही कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असाल, वाचनगटात कुणी "या चित्रावर दोन पानं लिहून आणा" म्हटलं असेल, किंवा नुसतीच हौस असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. त्यासाठी फ्रेंच यायला हवं असं नाही, ग्रीक पुराणं पाठ असायला हवीत असंही नाही. उलट सुरुवातीला माहिती जरा कमी असली तर बरंच पडतं.

सगळी पद्धत एकाच चित्रावर दाखवतो. १८८३ साली रेदोंने 'उत्पत्ती' नावाचा आठ शिळाचित्रांचा, म्हणजे दगडी शिळेवरून छापलेल्या चित्रांचा, संच काढला, अवघ्या पंचवीस प्रतींचा. त्यातलं तिसरं चित्र घेऊ. त्यात वरच्या अंगाचा एक देह आहे, त्यावर भलंमोठं डोकं, राठ केस, दात दाखवत फाकलेलं तोंड, आणि दोन डोळ्यांच्या जागी एकच गोल, अवाढव्य डोळा. चित्राचा आकार जेमतेम वीतभर.

१. आधी प्रत, मग मत

शोधल्यावर जी पहिली प्रतिमा येते ती घेऊ नका. पोस्टर विकणाऱ्यांनी काळा आणखी काळा केलेला असतो आणि कागदाचा मूळ उबदार रंग पार धुऊन टाकलेला असतो. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे रेदोंच्या छापचित्रांचा फार मोठा संग्रह आहे, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडेही आहे. अशा संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठी, न रंगवलेली छायाचित्रं मिळतात. सोबतच्या नोंदीतून साल, माध्यम आणि आकार तेवढा वहीत उतरवून घ्या. बाकीचं वर्णन आत्ता वाचू नका.

मग प्रिंट काढा. मॅट कागद घ्या. ग्लॉसी फोटोपेपरवर दुकानातली ट्यूबलाइट दिसते, काळा दिसत नाही. 'फिट टू पेज' बंद करायला सांगा, नाहीतर वीतभर चित्र पानभर होतं आणि त्याचा सगळा स्वभावच बदलतो. हे चित्र भिंतीवर लावून लांबून बघायचं नाही. ते संचात, हातात धरून, एक एक करून उलगडायचं होतं. एवढा अक्राळविक्राळ चेहरा आणि तो तळहातापेक्षा थोडा मोठा, ही गोष्ट प्रतिसादात येऊ शकते. पण त्यासाठी ती आधी हातात यायला हवी.

हक्कांची काळजी नको. रेदों १९१६ मध्ये वारला, आणि भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो.

शिकागोच्या बाजूला राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. छापचित्रं उजेडाने खराब होतात म्हणून ती भिंतीवर कायम टांगत नाहीत, कपाटात ठेवतात. पण आगाऊ वेळ घेतली तर अभ्यासकक्षात ती समोर काढून दाखवतात. तिकडे असलेल्या मंडळींनी ही संधी सोडू नये. पडद्यावर जे काळं दिसतं ते कागदावर वेगळंच असतं.

२. नाव झाकून पाहा

चित्राखालचं नाव झाका आणि दहा मिनिटं नुसती नोंद करा. नोंद म्हणजे पंचनामा. पंचनाम्यात "क्रूर", "गूढ", "राक्षसी" हे शब्द चालत नाहीत. "डोळा", "दात", "केस", "उजेड", "कड" हे चालतात.

नवख्यांची गाडी इथे तीन ओळींत अडते, म्हणून काही प्रश्न देतो. बुबुळ कुठं वळलंय, तुमच्याकडे की आणखी कुठे? पापणी आहे का? डोळा मिटता येईल असा आहे का? दात वरचे दिसतात की खालचेही? मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो? हात आहेत का? उजेड कोणत्या बाजूने येतोय, आणि तो त्या बाजूने येण्याचं काही कारण चित्रात दिसतं का? देहाची कड पार्श्वभूमीपासून कुठे सुटी होते आणि कुठे तिच्यात मिसळून जाते? उत्तरं मी देत नाही, ती तुमच्या प्रतीवरून तुम्हीच लिहायची आहेत.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा: काय दिसत नाही? पौराणिक व्यक्तिरेखा म्हटली की हातात काहीतरी असतं, पायाशी काहीतरी असतं, मागे एखादा प्रसंग असतो. इथे त्यातलं काय आहे आणि काय नाही, याची यादी करा. पुढे चौथ्या पायरीला ती लागेल.

३. काळा वाचायला शिका

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. लोक इथूनच पळ काढतात. काळा म्हणजे रिकामी जागा, काळा म्हणजे दुःख, काळा म्हणजे मृत्यू, असं काहीतरी ठोकून देतात आणि पुढे जातात.

रेदोंच्या कामाची जवळजवळ वीस वर्षं काळ्यात गेली. कोळशाची रेखाटनं आणि शिळाचित्रं मिळून तो आपल्या या कामाला 'न्वार' म्हणत असे, म्हणजे आपली काळी. रंग त्याच्या हाती ठळकपणे आले ते १८९० नंतर. काळ्याचा मान राखला पाहिजे, त्याला कशानेही बाटवता येत नाही, तो डोळ्यांना सुखवत नाही आणि रंगपेटीतल्या सुंदर रंगांपेक्षा तो मनाचं काम जास्त करतो, अशा अर्थाचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. हे वाचून भारावून जाऊ नका. प्रिंट उचला आणि तपासा.

तपासायचं तर हे चित्र बनतं कसं ते थोडं ठाऊक हवं. आपल्याकडे जुन्या लोकांना 'शिळाछाप' हा शब्द माहीत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी पोथ्या शिळाछाप होत्या, आणि गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८४१ मध्ये काढलेलं पंचांगही. तत्त्व साधं आहे. विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने काढायचं, रसायनाने ते पक्कं करायचं, मग शिळा ओली करायची. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी थांबत नाही, जिथे रेघ नाही तिथे थांबतं. वरून तेलकट शाई फिरवली की ती फक्त रेघेला धरते. कागद ठेवून दाब दिला की चित्र उतरतं. कोरणं नाही, खोदणं नाही, म्हणून खडूचा खरखरीतपणा जसाच्या तसा येतो.

रेदोंला हे तंत्र फाँताँ-लातूर या चित्रकाराने सुचवलं, ते कोळशाच्या रेखाटनांच्या प्रती काढता याव्यात म्हणून. रेदों पुष्कळदा थेट शिळेवर न काढता खास लेप दिलेल्या कागदावर तेलकट खडूने काढायचा. ते शिळेवर दाबून उतरवलं जायचं, आणि मग तो शिळेवर पुन्हा हात फिरवायचा. काही ठिकाणी आणखी काळं करायचं, काही ठिकाणी टोकदार हत्याराने खरवडून उजेड बाहेर काढायचा.

आता भिंग घ्या, किंवा संग्रहालयाच्या साइटवरची प्रतिमा डोळ्याच्या भागावर मोठी करा. एकच काळा नाही, हे लगेच दिसेल. एक काळा दाट, शाईने भरलेला, ज्यात दाणाच दिसत नाही. दुसरा दाणेदार, ज्यात कागद श्वास घेतो. तिसरा म्हणजे खडू नुसता घासून गेलाय असा करडा. त्यांच्या मधे उजेड असतो, आणि त्याच्याही दोन जाती. काही उजेड म्हणजे तिथे कधी खडू लागलाच नाही. काही उजेड म्हणजे आधी काळं होतं, मग खरवडलं. दुसऱ्या जातीच्या उजेडाला बारीक, कडक कड असते. डोळ्याच्या गोलावर, दातांवर, केसांच्या टोकांवर यातला कोणता उजेड आहे ते शोधा. तुमच्या लेखात "डोळा चमकतो" असं न येता "हा उजेड काळ्यातून उकरून काढलाय" असं येईल. ते वाक्य फक्त पाहिलेल्या माणसालाच लिहिता येतं.

४. ओळख पटवा, पण घाई नको

आता नाव उघडा. फ्रेंच मथळ्याचा भाव असा: बेढब पॉलिप किनाऱ्यांवर तरंगत होता, जणू एक हसरा आणि ओंगळ सायक्लोप्स. सायक्लोप्स म्हणजे ग्रीक पुराणातला एकडोळ्या राक्षस.

आपल्या डोळ्यांना एक सवय आहे, आणि ती बरीचशी शिळाछापानेच लावली. राजा रविवर्मा रेदोंहून आठ वर्षांनी लहान. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथेही शिळेवरच काम चाले, पण प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. त्या तसबिरी घराघरांत गेल्या. वीणा आणि मोर दिसला की सरस्वती, कमळ आणि हत्ती दिसले की लक्ष्मी. ओळख पटली, हात जोडले, पाहणं संपलं. त्या चित्रांत हा दोष नाही, त्यांचं ते कामच होतं. पण तीच सवय घेऊन रेदोंकडे गेलो तर "एक डोळा, म्हणजे सायक्लोप्स, म्हणजे पॉलिफीमस" इथे पाहणं संपतं, आणि तिथे संपायला नको.

कारण सायक्लोप्स एक नाही. होमरच्या 'ओडिसी'त नवव्या सर्गात पॉलिफीमस येतो, समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. मेंढ्या पाळतो, गुहेत राहतो, ओडिसियसची माणसं खातो. ओडिसियस त्याला दारू पाजतो, आपलं नाव 'कुणीच नाही' असं सांगतो आणि तापवलेल्या ऑलिव्हच्या दांड्याने त्याचा डोळा फोडतो. ग्रीक कवी हेसिअडचे सायक्लोप्स वेगळे. ते तिघे भाऊ, देवांचा राजा झ्यूस याची वज्रं घडवणारे कारागीर. ग्रीक कवी थिओक्रिटस आणि नंतर रोमन कवी ओव्हिड यांच्याकडे पॉलिफीमस प्रेमात पडलेला आहे, गॅलाटिया नावाच्या जलकन्येच्या, आणि ती त्याला भीक घालत नाही.

आता दुसऱ्या पायरीतली ती 'काय दिसत नाही' यादी काढा. गुहा आहे का? मेंढ्या? दांडा, ओडिसियस, हातोडा, ऐरण, गॅलाटिया? काहीच नसेल तर चित्रकाराने गोष्ट काढून घेऊन फक्त देह ठेवलाय. प्रतीकवादी, म्हणजे थेट न सांगता सुचवणाऱ्या, चित्रकारांची ही नेहमीची चाल. देवादिकांची नावं ठेवायची आणि प्रसंग वगळायचा. रेदोंने तर आणखी एक काडी घातली. 'पॉलिप' हा शब्द पुराणातला नाहीच, जीवशास्त्रातला आहे. पाण्यात राहणारा, वनस्पतीसारखा दिसणारा पण प्राणी असलेला तो जीव. पुराण आणि प्रयोगशाळा एका वाक्यात आणून बसवली की वाचक कुठे बसणार?

तुमच्या मनात इथे आपल्याकडचेही लोक येतील. येऊ द्या. झारीतले शुक्राचार्य येतील, दर्भाने एक डोळा गमावलेले. त्यांच्यापेक्षा रामायणातला कबंध जास्त जवळचा आहे. अरण्यकांडातला हा राक्षस, त्याला डोकंच नाही, तोंड पोटात, छातीवर एकच डोळा, आणि मैलोगणती लांब हात. राम-लक्ष्मण ते हात तोडतात, मग त्याचा देह जाळतात, आणि आगीतून तो पूर्वीच्या देखण्या रूपात बाहेर येतो. वहीत लिहून ठेवा, पण समास सोडून लिहा. कारण कबंधाच्या बेढबपणाला कारण आहे, शाप आहे आणि सुटकाही आहे. रेदोंच्या या जीवाला शाप नाही, म्हणून उःशापही नाही. तो असाच आहे आणि हसतोय. साम्य दाखवून थांबलात तर लेख माहितीपर होतो. फरक दाखवलात तर तो तुमचा होतो.

५. शेजारी कोण राहतं ते पाहा

हे चित्र एकटं नाही, संचात तिसरं आहे, हे विसरू नका. पहिल्या चित्राचा मथळा अंधाऱ्या पदार्थाच्या तळाशी जीव जागा होत असल्याचं सांगतो. दुसऱ्यात एका रोपाच्या शेंड्यावर डोळा उमललाय. मथळा म्हणतो, पाहण्याचा पहिला प्रयोग कदाचित फुलात झाला असावा. मग आपला एकाक्ष. त्याच्यानंतर लाटांतून वर येणारी सायरन ही सागरकन्या, कुत्सित हसणारा सॅटिर हा अर्धा माणूस अर्धा पशू, सातव्या चित्रात पंख असूनही उडू न शकणारा घोडा, आणि शेवटी माणूस.

दुसरं आणि तिसरं चित्र शेजारी ठेवा. फुलातला डोळा पुढच्या पानावर देहात येऊन बसलाय, असं दिसतं की नाही? मला तर या संचाचा खरा नायक हा डोळाच वाटतो. तो आधी देठावर, मग चिखलातून नुकत्याच वर आलेल्या डोक्यात. दोन डोळ्यांची सोय अजून व्हायची आहे. असं पाहिलं की सायक्लोप्स एक डोळा गमावलेला राहत नाही, नुकताच एक डोळा मिळालेला होतो, आणि ते हसणं वेगळंच दिसू लागतं.

हे मी हवेत बोलत नाही. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात तरुण रेदोंची आरमाँ क्लाव्हो या वनस्पतिशास्त्रज्ञाशी मैत्री होती. वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमेवरचे जीव हा क्लाव्होचा ध्यास. दिवसाचे काही तासच, आणि तेही उजेड असेपर्यंतच, प्राणी असणारा जीव तो शोधत होता, असं रेदोंने नंतर लिहिलंय. उजेड असेपर्यंत प्राणी! हे वाक्य घेऊन पुन्हा तिसऱ्या पायरीकडे जा आणि चित्रातला उजेड कुठे कुठे आहे ते बघा. शिवाय डार्विनचा उत्पत्तीवरचा ग्रंथ १८५९ चा, फ्रेंचमध्ये १८६२ ला आलेला. हा विषय तेव्हा हवेत होता. संचाला 'उत्पत्ती' हे नाव देणाऱ्याच्या कानावर तो गेला नसेल असं म्हणवत नाही. पण "हे चित्र डार्विनवर आहे" असं लिहू नका. ते चित्र आहे, निबंध नाही.

एक जोड चित्र सुचवतो. नेदरलँड्समधल्या ओटर्लो इथल्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात रेदोंचंच रंगीत 'सायक्लोप्स' आहे, साधारण १९१४ चं. डोंगराआडून एक प्रचंड एकडोळ्या डोकावतोय आणि खाली फुलापानांत गॅलाटिया निजलीये. इथे गोष्ट परत आली, रंग परत आले, आणि तो डोळा चक्क लाजाळू झाला. तीस वर्षांचं अंतर. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की १८८३ च्या चित्रात काय नाही ते फार स्पष्ट होतं.

६. आपल्याला काय झालं ते लिहा

इतका वेळ चित्राबद्दल झालं, आता तुमच्याबद्दल. पाहताना नेमकं काय झालं? "अस्वस्थ वाटलं" हे पुरत नाही. कुठे वाटलं? आधी काय, मग काय? नजर कुठे अडकली, कुठून निसटली?

भरताच्या नाट्यशास्त्राची इथे खरी मदत होते, फक्त ती परीक्षेसारखी वापरू नका. हास्याचं कारण म्हणून विकृत रूप-वेष सांगितलाय, बीभत्साच्या मुळाशी जुगुप्सा आहे. रेदोंचा मथळा 'हसरा' आणि 'ओंगळ' हे दोन्ही शब्द एकाच चेहऱ्याला लावतो. म्हणजे पाहणाऱ्याने हसावं की किळस करावी, हे त्याने मुद्दाम मोकळं ठेवलंय. तुमच्याकडून काय आधी निघालं? काहींना चक्क माया वाटते. तेही लिहा. हास्य आणि बीभत्स असा शिक्का मारून मोकळे झालात तर पायरी वाया गेली. त्या दोघांत तुमचा लंबक कसा हलला, ते हवंय.

आवडलं नाही तर तसं लिहा. कारण मात्र चित्रातलं द्या.

७. चरित्राचा सापळा

रेदोंचं बालपण घरापासून दूर, बोर्दोजवळच्या पेर्लबाद नावाच्या कौटुंबिक मळ्यावर, एका नातलगाजवळ गेलं. एकाकी, आजारी मूल. १८८६ मध्ये त्याचा पहिला मुलगा तान्हा असतानाच गेला. ही माहिती हाती लागली की हात शिवशिवतात: "पुत्रशोकातून आलेला हा अंधार..." पण चित्र १८८३ चं आहे. शोक नंतरचा. तारखा शेजारी लिहून पाहिल्याशिवाय दुःखाचा धागा जोडू नका. बालपणाचं तर बोलूच नका. एकाकी बालपण लाखो लोकांचं असतं, ते सगळे एकाक्ष काढत बसत नाहीत.

प्रतीकवादाबद्दलही हेच. त्या चळवळीचा जाहीरनामा झाँ मोरेआस या कवीने पॅरिसच्या 'ल फिगारो' दैनिकात दिला तो सप्टेंबर १८८६ मध्ये. म्हणजे हे चित्र त्या नावाच्या आधीचं. 'प्रतीकवादी चित्रकार रेदों' म्हणायला हरकत नाही, पण "प्रतीकवादाच्या तत्त्वांनुसार त्याने हे काढलं" म्हणाल तर गाडी उलटी जोडली जाते.

आणि प्रतीक म्हटलं म्हणून प्रत्येक गोष्टीची किल्ली शोधू नका. डोळा म्हणजे ज्ञान, दात म्हणजे भूक, केस म्हणजे पशुत्व अशी फोड केली की कोष्टक तयार होतं. माझी चित्रं सुचवतात, ठरवत नाहीत, संगीतासारखी ती आपल्याला अनिश्चिताच्या प्रदेशात नेऊन सोडतात, असं रेदोंचं म्हणणं होतं. अर्थ एकच लावायचा नाही याचा अर्थ काहीही लावायचा असाही नाही. तुम्ही जे म्हणाल त्याला कागदावरची एखादी जागा दाखवता आली पाहिजे.

८. लिहायला बसा

वहीत आता पंचनामा आहे, काळ्याच्या नोंदी आहेत, पुराणातले फरक आहेत, स्वतःची अवस्था आहे. बहुतेक जण हे सगळं बाजूला ठेवतात आणि दहावीत केलेल्या रसग्रहणाच्या साच्यात शिरतात: आधी कवीचा, म्हणजे इथे चित्रकाराचा परिचय, मग आशयसौंदर्य, मग भाषिक वैशिष्ट्यं, शेवटी "हे चित्र मला फार आवडले कारण". मार्कांसाठी तो साचा ठीक होता. इथे तो टाळा. रेदोंच्या जन्मगावापासून सुरुवात केलीत तर वाचक तिसऱ्या ओळीला उठून जाईल.

सुरुवात करायची ती सगळ्यांत टोचलेल्या एका जागेपासून, मग ती दात असो की बुबुळ की खांद्याची विरघळलेली कड. तिथून बाहेर या.

दोन नमुने देतो. पहिला असा: "महान चित्रकार रेदों यांनी या चित्रातून मानवी मनाच्या अंधाऱ्या बाजूचे प्रभावी दर्शन घडवले आहे." हे वाक्य लिहायला चित्र पाहावंच लागत नाही. चित्र झाका, वाक्य वाचा, आणि हेच वाक्य दुसऱ्या कुठल्या काळ्या चित्राखाली खपेल का ते विचारा. खपत असेल तर खोडा. आपल्या लेखातल्या प्रत्येक वाक्याला ही चाचणी लावा, निम्मा लेख उडेल. उडू द्या.

दुसरा नमुना: "दात दिसले म्हणून आधी दचकलो. मग पाहिलं तर जबडा चावण्याच्या तयारीत नाही, तोंड नुसतं फाकलंय. आणि त्या हसण्याची डोळ्याला खबरच नाही. तोंड आपल्यासाठी हसतंय, डोळा स्वतःसाठी पाहतोय. याला नुकतीच दृष्टी आली असेल तर हे हसणं भीतीदायक नाही, पहिलंच आहे." हे बरोबरच आहे असा दावा नाही. तुम्हाला डोळा आणि तोंड यांची हातमिळवणी दिसू शकते, मग तुम्ही तसं लिहाल. पण या वाक्यांशी भांडायला चित्र उघडावं लागतं.

माहिती घालायची ती गरजेपुरती, आणि पाहण्याच्या पोटात. "१८८३ च्या संचात याच्या आधीच्या पानावर फुलाला डोळा फुटलाय" हे एक वाक्य परिचयाच्या परिच्छेदापेक्षा जास्त काम करतं. शब्द आपले वापरा: दाणा, खरवड, काळोख, कड. 'गूढ' आणि 'अनाकलनीय' हे दोन शब्द पहिल्या मसुद्यात वापरायचेच नाहीत, असा नियम स्वतःला घालून घ्या. ते आले की समजायचं, पाहायचं थांबलंय. लांबी दोन पानं पुष्कळ झाली. चित्र वीतभर आहे.

लिहिणं जमत नसेल तर कोळसा घ्या. कागद आधी पूर्ण काळा करून घ्या आणि खोडरबराने उजेड काढत फक्त तो डोळा बनवा. काळ्यावरून उजेडाकडे जाताना हात काय शिकतो, ते वाचून कळत नाही. कविता करणाऱ्यांनी एकाक्षाच्या तोंडी स्वगत देण्याचा मोह आवरावा. तो बोलू लागला की हमखास आपल्यासारखा बोलतो. त्यापेक्षा त्याच्या समोर जे आहे, जे आपल्याला चित्रात दाखवलेलं नाही, त्याबद्दल लिहून पाहा. तो नक्की कशाकडे बघून हसतोय?

गटात वाचून दाखवणार असाल तर आधी चित्र फिरवा, दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, मग वाचा. उलट केलंत तर सगळे तुमच्या डोळ्यांनी पाहतील आणि चर्चा "छान लिहिलंय"वर संपेल.

एकदा हे जमलं की पुढच्या चित्राकडे वळा. १८८९ चा बंदिवान पेगॅसस, म्हणजे ग्रीक पुराणातला पंखांचा घोडा, घ्या. त्यात पंख, दोर आणि माणूस अशी निदान थोडी गोष्ट आहे, त्यामुळे चौथी पायरी वेगळी चालवावी लागते. १८९५ चं बुद्धाचं शिळाचित्र मात्र शेवटी ठेवा. आपल्याला बुद्ध इतक्या ठिकाणी भेटलेला असतो की दुसऱ्याच पायरीला, नाव झाकूनही, पंचनाम्याच्या वहीत "शांत" हा शब्द येऊन बसतो, आणि तो खोडायला फार जड जातं.